सम कुठेय? (झिम्बाब्वेचा म्बिरा आणि आमचा मरिम्बाचा ताफा)

तिरकिट

मी मूळचा सांगलीचा, गेली अकरा वर्षं सिॲटलला. लहानपणी सात वर्षं तबला शिकलो, मध्यमाच्या परीक्षेनंतर बारावी आली आणि तबला माळ्यावर गेला. गेल्या सप्टेंबरात इथल्या एका कम्युनिटी सेंटरमध्ये मरिम्बाच्या वर्गात नाव घातलं. कारण काही थोर नव्हतं. बायको म्हणाली, शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर बोटं बडवतोस, त्यापेक्षा कुठेतरी जाऊन बडव.

मरिम्बा म्हणजे लाकडी पट्ट्यांचं वाद्य. प्रत्येक पट्टीखाली एक नळी लटकलेली, आणि रबरी टोकाच्या काठ्यांनी वाजवायचं. आमच्या ताफ्यात सात मरिम्बा आहेत: तीन सोप्रानो, दोन टेनर, एक बॅरिटोन, एक बेस. बेसच्या नळ्या इतक्या लांब की पट्ट्या वाजवणाऱ्याच्या छातीपाशी येतात, म्हणून त्याच्यासाठी एक लाकडी खोकं ठेवलंय, त्यावर उभं राहायचं. शिवाय एक जण होशो घेऊन. होशो म्हणजे भोपळ्याच्या खुळखुळ्यांची जोडी. दिसायला सोपी, पण सगळ्यांची लय त्याच्या मनगटात.

पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या गोऱ्या बाईंनी माझ्यासमोर बॅरिटोनवर एक लहानसा तुकडा वाजवला आणि म्हणाल्या, कर. कागद नाही, नोटेशन नाही. पाच मिनिटांत हातात बसला. म्हणाल्या, आता हेच वाजवत राहा, थांबू नकोस. मग शेजारच्या टेनरला वेगळा तुकडा दिला, मग सोप्रानोंना, मग बेसला. सगळे सुरू झाले आणि मी कोसळलो. हात बरोबर चालले होते, डोकं गेलं होतं. कारण मी सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, शोधत होतो. बेसकडे बघितलं तर सम एकीकडे, सोप्रानोकडे कान लावला तर दुसरीकडे, होशोकडे वळलो तर तिसरीकडेच.

मी विचारलं, "यात एक कुठे आहे?"

त्या म्हणाल्या, "तुला कुठे हवाय?"

मला वाटलं चेष्टा करतायत. तशा नव्हत्या. पुढचे तीन महिने मला हे कळायला लागले.

ही मरिम्बाची गाणी बरीचशी शोना लोकांच्या म्बिरावरून आलेली. म्बिरा हे मूळ वाद्य: लाकडी फळी, तिच्यावर ठोकून चपट्या केलेल्या लोखंडी पट्ट्या, त्या दोन अंगठ्यांनी खाली दाबून सोडायच्या आणि उजव्या तर्जनीने खालून वर उचलायच्या. उजवी करंगळी फळीच्या कोपऱ्यातल्या भोकात अडकवून धरायची. पितरांना बोलावायला रात्रभर वाजवतात आणि कुणाच्या तरी अंगात येतं, तो म्बिरा द्झावाद्झिमु, पट्ट्या २२ ते २८. तो 'देझे' नावाच्या मोठ्या पोकळ भोपळ्यात टेकवून वाजवतात.

याच्या एका आवर्तनात साधारण ४८ मात्रा, १२-१२ चे चार भाग. एक वादक 'कुशाउरा' वाजवतो, म्हणजे पुढे चालणारा भाग. दुसरा 'कुत्सिन्हिरा', मागून येणारा. कित्येक गाण्यांत दुसऱ्याने तीच चाल वाजवायची, फक्त एक मात्रा मागून! म्हणजे एकाचे सूर दुसऱ्याच्या फटींत पडतात आणि ऐकणाऱ्याला तिसरीच चाल ऐकू येते, जी दोघांपैकी कुणीच वाजवत नाहीये. बारा मात्रा कुणी चार वेळा तीन अशा मोजतो, कुणी सहा वेळा दोन. आमचे तबल्याचे सर आड लय (दोन मात्रांच्या जागेत तीन) शिकवताना घाम काढायचे. इथे आड कायमचीच चालू असते. फक्त सरळ कोण आणि आड कोण हे ठरलेलं नाही. वादक गाण्यात कुठूनही शिरू शकतो, आणि कुठूनही शिरला तरी तो चुकलेला नसतो.

इथे कुणी हे वाद्य ऐकलंय का? माझ्यासारखं कुणाचं समेवाचून अडलंय का?

चकलीकडक

शीर्षक घाईत 'अबीर' वाचलं. आषाढी जवळ आली की असंच होतं. आले आहे तर वाचून जाते. छान लिहिलंय, पण दोन गोष्टी एकत्र झाल्यात असं वाटलं. म्बिरा झिम्बाब्वेचा हे कळलं. मरिम्बाही तिथलाच पारंपरिक का?

तिरकिट

चकलीताई, प्रश्न नेमका जागेवर. झिम्बाब्वेचा आत्ताचा मरिम्बा म्हणजे शाळेत घडवलेलं वाद्य आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बुलावायो शहरात क्वानोन्गोमा नावाचं संगीत विद्यालय निघालं, शाळांसाठी आफ्रिकी संगीताचे शिक्षक तयार करायला. मुलांच्या हाती कोणतं वाद्य द्यायचं हा प्रश्न होता. देशात शोना आणि न्देबेले हे दोन मोठे समाज, त्यामुळे कुणा एकाचं न वाटणारं वाद्य हवं होतं. मरिम्बा आजूबाजूच्या देशांत होता, या दोघांपैकी कुणाचाच नव्हता. तिथे तो नव्याने बनवला. सप्तक आपल्या हार्मोनियमच्या पांढऱ्या पट्ट्यांसारखं, वर एक तीव्र मध्यम. मग त्यावर शोनांची म्बिराची गाणी बसवली, कारण शिकवणाऱ्यांच्या आणि शिकणाऱ्यांच्या कानात तीच होती.

त्याच विद्यालयातले दुमिसानी मराइरे १९६८ मध्ये सिॲटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनला शिकवायला आले. पुढे ऑलिम्पियाच्या एव्हरग्रीन कॉलेजातही शिकवलं. त्यांच्या विद्यार्थ्यांनी स्वतःच मरिम्बा बनवायला घेतले (भोपळ्याच्या जागी प्लंबिंगच्या नळ्या!), मग त्यांच्या विद्यार्थ्यांनी. म्हणून हा सगळा पट्टा, सिॲटल, पोर्टलंड, युजीन, या ताफ्यांनी भरलाय. १९९१ पासून झिमफेस्ट नावाचा उत्सवही भरतो. दुमी १९९९ मध्ये गेले. त्यांची मुलगी चिवोनिसो हिचा जन्म ऑलिम्पियाचा. तीही म्बिरा वाजवून गायची. २०१३ मध्ये अगदी लवकर गेली. तिचा आवाज ऐकलेला नसेल तर या धाग्यावरून उठा आणि आधी तो ऐका.

साखरझोप

+१. वाचतेय.

तंबोरेवाला

लेख आवडला म्हणून ऐकायला गेलो. प्रामाणिक मत सांगू का? राग मानू नका. एकट्या म्बिराचं एक रेकॉर्डिंग लावलं, आणि पहिली दोन मिनिटं मला वाटलं स्पीकर फाटलाय. प्रत्येक सुरामागे खरखर. हे मुद्दाम आहे की जुनं रेकॉर्डिंग आहे?

तिरकिट

मुद्दाम आहे. फळीवर आणि देझेच्या कडेला बाटल्यांची झाकणं सैल तारेने बांधलेली असतात. पूर्वी शिंपले असायचे. आणि काका, तुमच्या नावाच्या माणसाने हे विचारावं? तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून तुम्ही काय काढता?

तंबोरेवाला

हा हा. निरुत्तर! जवारी, म्हणजे तारेची ती झंकारती गुणगुण. अर्धा तास दोरा मागेपुढे करत बसतो आणि बायको विचारते झालं का एकदाचं. पण फरक आहे हं. जवारीत सूर फुलतो, इथे सुराच्या बाजूला दुसरंच काही वाजतंय. रात्री हेडफोन लावून परत ऐकतो.

मरिम्बालाही झाकणं लावता का?

तिरकिट

झाकणं नाहीत. प्रत्येक नळीला खालच्या बाजूला एक भोक, त्यावर पातळ पडदा ताणून चिकटवलेला. पट्टी वाजली की पडदा थरथरतो. आमचे पडदे कॅरीबॅगचे. सगळ्या पिशव्या चालत नाहीत, भाजीच्या दुकानातल्या रोलवरच्या एकदम पातळ, कुरकुर वाजणाऱ्या पिशव्याच लागतात. गेल्या महिन्यात बॅरिटोनचा तिसरा पडदा फाटला. मी खिशातली जाड पिशवी कापून लावली, तर तो सूर मुका झाला. बाकीचे गुणगुणतायत आणि हा एकटा नाकात बोळा घातल्यासारखा. बाईंनी वर न बघता सांगितलं, तिसरी पट्टी बघ. त्या दिवसापासून मला खरखर ऐकू येत नाही, खरखर नसली की ऐकू येतं.

पानोपानी

संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही, झाडांपुरती भर घालते. म्बिराच्या फळीला ज्या झाडाचं लाकूड नावाजलेलं आहे त्याला शोना भाषेत 'मुब्वामारोपा' म्हणतात, म्हणजे ज्यातून रक्त येतं ते. साल कापली की लालभडक चीक गळतो. शास्त्रीय नाव टेरोकार्पस अँगोलेन्सिस. आता आपल्याकडचा बिबळा आठवा. खोडावर कोयता मारला की रक्तासारखा चीक, आणि त्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी मधुमेहाला देतात तो. तो टेरोकार्पस मार्सुपियम. सख्खं चुलत घराणं! तिरकिट, तुमच्या मरिम्बाच्या पट्ट्या कोणत्या लाकडाच्या आहेत ते विचाराल का? पडाउक असेल तर तेही याच कुळातलं.

दुसरं, होशोच्या भोपळ्यात 'होता'च्या बिया असतात असं वाचलं. ती आपली कर्दळ. लहानपणी आम्ही त्या काळ्या गोळ्या फुंकणीतून एकमेकांना मारायचो.

तिरकिट

विचारलं. पडाउकच निघालं. पानोपानी, तुम्हाला साष्टांग.

वाघ्या_जेजुरीकर

मंडळी, हे वाचून मला राहवेना. रात्रभर वाजवणं, पितरांना बोलावणं, कुणाच्या तरी अंगात येणं, हे तर आपलं जागरण! आमच्या घरी लग्नानंतर खंडोबाचं जागरण होतं तेव्हा दिमडी आणि तुणतुणं पहाटेपर्यंत चालतं. तुणतुण्याला एकच तार, पण तीच सगळ्यांना जागं ठेवते. माणसं कुठेही गेली तरी एकच करतात.

हरारेत_होतो

जेजुरीकर, थोडं थांबा. मी नव्वदच्या दशकात सहा वर्षं हरारेत नोकरीला होतो. एका सहकाऱ्याने एकदा गावाकडच्या 'बिरा'ला, म्हणजे पितरांना बोलावण्याच्या रात्रीला, नेलं. गोल झोपडी, आत धूर, बूट बाहेर काढायचे. कित्येक दिवस आधीपासून घरच्या बायकांनी तृणधान्याची बिअर घातलेली. तीन म्बिरा, एक होशो, आणि लोक टाळ्या वाजवत, गात, मधूनच गुरांना हाकारल्यासारखे आवाज काढत. मी अकराला पेंगायला लागलो, दोनला जागा झालो तेव्हा तेच गाणं चालू होतं असं मला वाटलं. सहकारी म्हणाला, तिसरं आहे.

साम्य आहे, नाही म्हणत नाही. पण खंडोबा देव आहे. तिथे येतो तो त्या घराचा पूर्वज, ज्याला नाव आहे, ज्याची नातवंडं समोर बसलेली आहेत. आणि त्याला जिवंतपणी आवडायची तीच चाल वाजवावी लागते, तरच तो येतो. म्हणून वादकाला खूप चाली यायला हव्यात. माध्यम होणाऱ्या माणसाला 'स्विकिरो' म्हणतात. पूर्वज त्याच्या अंगात आला की म्बिरा थांबतो आणि बोलणं सुरू होतं: पाऊस का नाही, हा मुलगा का आजारी, भाऊ भावाशी का बोलत नाही. त्या रात्री बोलणं एका म्हशीएवढ्या मोठ्या बैलाच्या वाटणीवरून झालं. मला भाषा कळत नव्हती, सहकाऱ्याने सकाळी सांगितलं.

ख्रिस्ती मिशनऱ्यांना हे सैतानी वाटायचं. मिशनच्या शाळांत म्बिराला दार बंद असायचं. त्यामुळे १९७०च्या दशकात स्वातंत्र्ययुद्ध पेटलं तेव्हा थॉमस मापफुमो या गायकाने आपल्या बँडकडून इलेक्ट्रिक गिटारवर म्बिराच्या चाली उतरवून घेतल्या, तार हाताने दाबून, आवाज बुजवून. तेव्हा लोकांना नुसती चाल ऐकूनच कळायचं की हा कुणाच्या बाजूने बोलतोय. त्या संगीताचं नावच चिमुरेंगा, म्हणजे लढा. ऱ्होडेशियाच्या, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीच्या झिम्बाब्वेच्या, सरकारने मापफुमोला तुरुंगात टाकलं होतं. पुढे स्वतंत्र देशाच्या सरकारशीही त्याचं पटलं नाही आणि तो ओरेगनमधल्या युजीनला गेला. म्हणजे तिरकिट, तुमच्यापासून काही तासांवर.

वाघ्या_जेजुरीकर

मान्य. पण बैलाच्या वाटणीवरून भांडण, हे तर आमच्याच घरचं निघालं.

हस्तिदंत

मला एक खटकतंय, सगळे छान छान म्हणतायत म्हणून बोलतो. पितरांना बोलवायचं संगीत सिॲटलच्या कम्युनिटी सेंटरात शनिवारी सकाळी कॉफीच्या कपाबरोबर? उद्या कुणी पोर्टलंडला गोंधळाचा वर्ग काढला, संबळ शिकवला आणि फी घेतली तर तुम्हाला चालेल? त्यात शिक्षिका गोऱ्या. मूळ माणसं हरारेत झाकणं गोळा करतायत आणि इथे लोक टी-शर्ट छापतायत.

तिरकिट

हस्तिदंत, हा प्रश्न आमच्या ताफ्यातही दर दोन महिन्यांनी निघतो. मला जे समजलंय ते सांगतो, वकिली करत नाही.

दुमी मराइरे यांनी स्वतः इथल्या लोकांना शिकवलं, मोकळ्या हाताने. पुढे कोस्मास मगाया यांच्यासारखे मोठे वादक कित्येक वर्षं इथे येऊन शिकवत राहिले. २०२० मध्ये कोविडने गेले, तेव्हा इथल्या किती तरी लोकांनी गुरू गेला म्हणून रडून घेतलं. तेव्हा चोरून आणलं असं म्हणवत नाही. पण तुमच्या म्हणण्यात तथ्य आहेच. आमच्या बाई काही चाली मरिम्बावर बसवतच नाहीत, विचारलं की म्हणतात, मला ज्यांनी शिकवली त्यांनी नको म्हटलंय. आणि ताफ्याला कार्यक्रमाचे जे पैसे मिळतात त्यातला वाटा तिकडच्या वाद्य बनवणाऱ्याला जातो. तेवढ्याने हिशोब मिटतो का? मला नाही वाटत.

संबळाचं म्हणाल तर पोर्टलंडला वर्ग निघाला तर मी पहिलं नाव घालीन. शिकवणारा कुणाकडे शिकला एवढं मात्र विचारीन.

हस्तिदंत

शेवटचं वाक्य मान्य. बाकीवर असहमतीवर सहमत.

चकलीकडक

आणि बायका? म्बिरा बायका वाजवतात का? की तिथेही 'हे बाईचं काम नाही'?

हरारेत_होतो

होतंच तसं. स्टेला चिवेशे १९६०च्या दशकात शिकायला निघाल्या तेव्हा शिकवायला कुणी तयार होईना. शेवटी घरातल्याच एका मोठ्यांनी शिकवलं. पुढे जगभर वाजवलं, लोक त्यांना अंबुया म्हणायचे, म्हणजे आजी. २०२३ च्या जानेवारीत गेल्या. मी त्यांना एकदाच प्रत्यक्ष ऐकलं. नाकात तपकीर ओढली, डोळे मिटले, आणि मग दीड तास समोरच्यांकडे बघितलंच नाही.

सुरंगी

गोव्याहून. उशिरा आले, पण एक धागा जोडून जाते. म्बिराचं युरोपीय माणसाने केलेलं फार जुनं वर्णन जुवांव दुश सांतुश या दोमिनिकन पाद्रीचं आहे. तो १५८६ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सोफालाला पोचला. त्याचं पुस्तक १६०९ मध्ये पोर्तुगालात छापून आलं. त्यात 'अंबिरा' म्हणून दोन वाद्यं सांगितली आहेत: एक भोपळ्यांचं, म्हणजे मरिम्बासारखं, आणि दुसरं लोखंडी पट्ट्यांचं, नऊ पट्ट्या, अंगठ्याच्या नखांनी वाजवायचं. म्हणतो, हे दुसरं जास्त गोड, पण आवाज लहान, म्हणून राजाच्या वाड्यात वाजवतात. आणि हा पाद्री १६२२ मध्ये वारला तो आमच्या गोव्यात.

म्हणजे चारशे वर्षांपूर्वी जुन्या गोव्यात एक म्हातारा फिरत होता, ज्याने म्बिरा ऐकला होता. कुणाला सांगितलं असेल का त्याने तो कसा वाजतो ते?

साखरझोप

सुरंगी, अंगावर काटा आला.

मग जंजिऱ्याच्या सिद्दींकडेही म्बिरा असेल का?

सुरंगी

नसावा. गुजरातच्या सिद्दींचं ओळखीचं वाद्य मलुंगा, म्हणजे भोपळा लावलेलं धनुष्य, एका तारेचं. त्याचं घराणं वेगळं. उगाच जोडायला नको.

पिकलंपान

नमस्कार. मी ७१ वर्षांचा, पुण्यात. नातीने ऑनलाइन १७ पट्ट्यांचा कलिंबा मागवला आणि दोन आठवड्यांत टाकून दिला, आता तो माझ्याकडे आहे. तो म्हणजे हाच का? आणि माझी नखं फुटतायत.

तिरकिट

काका, नात्यातला आहे, तोच नाही. ह्यू ट्रेसी नावाचे इंग्रज गृहस्थ तरुणपणी ऱ्होडेशियात तंबाखूची शेती करायला आले आणि तिथल्या संगीताच्या नादी लागले. आयुष्यभर गावोगाव ध्वनिमुद्रणं केली, १९५४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यासाठी संस्था काढली. त्यांनीच म्बिराच्या कुळातल्या वाद्यांवरून एक सुटसुटीत वाद्य बनवून कलिंबा नावाने विकायला काढलं. तुमचा त्याचा चिनी नातू. सूर पाश्चात्त्य सप्तकात लावलेले असतात. खऱ्या म्बिराचे सूर प्रत्येक कारागिराचे थोडे वेगळे, हार्मोनियमशी जुळवायला गेलात तर वेड लागेल.

नखांचं: नखाने ओढू नका, बोटाच्या मांसाने दाबा आणि सोडा, नख फक्त शेवटी लागू दे. आठवड्यात घट्टा पडेल. उजव्या हाताने तीन मात्रांचं काहीतरी साधं धरा, डावीकडे दोन-दोनचं, आणि दोन्ही चालू ठेवा. सम शोधू नका. मी तीन महिने वाया घालवले.

तंबोरेवाला

रिपोर्ट: हेडफोन लावून तीनदा ऐकलं. 'करिगा मोंबे' म्हणून चाल होती. तिसऱ्या वेळी अचानक मधेच एक बाई गातेय असं वाटलं. नाव बघितलं तर नुसतं वादन. गाणारं कुणी नाहीच.

तिरकिट

काका, तीच ती तिसरी चाल. अभिनंदन.

पिकलंपान

घट्टा पडला. तीन आणि दोनचं जमत नाही, पण अडीचपर्यंत आलोय. काल सोड्याच्या बाटलीचं झाकण दाभणाने भोक पाडून तारेने फळीला बांधलं. नात म्हणते, आजोबा, बिघडवलात. म्हटलं बिघडवला नाही, जवारी काढली.